सौम्य प्रवेश

सदानंद वाघधरे माणसं मोडत नसे, मोडलेली जोडत असे. पण जोडण्याआधी ती एकदा नीट मोडावी लागतात, हे तो गिऱ्हाइकाला नंतर सांगे.

कराचीच्या रणछोड लाइनमध्ये एका गल्लीत त्याचं दुकान होतं. पाटीवर उर्दूत ‘पहलवान हड्डी जोड’ आणि शेजारी त्याच्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, पिळदार मिशांचं चित्र. आबांनी आयुष्यात लंगोट बांधला नव्हता. पण कराचीत हाड बसवणारा पहलवानच असावा लागतो, नाहीतर हाड बसत नाही अशी लोकांची श्रद्धा आहे, आणि श्रद्धेशी हुज्जत घालून धंदा होत नाही. फाळणीच्या वेळी जी थोडी मराठी घरं मुंबईच्या बोटीत बसायची राहून गेली, त्यांतलं हे एक. का राहिली, याचं प्रत्येक घराचं कारण वेगळं. वाघधऱ्यांकडचं कारण असं, की पणजोबा बंदरावर एका हमालाचा खांदा बसवत होते आणि तेवढ्यात बोट सुटली.

आबांकडून सदानंदला दोन गोष्टी वारशात मिळाल्या: हात आणि आवाज. हात कुणीही शिकतो. आवाज अवघड. आबा म्हणायचे, “रागानं ओढलेला सांधा बसत नाही. समोरच्यावर माया पाहिजे. त्याला बोलण्यात गुंतव, पोरीबाळींचं विचार. उत्तर द्यायला त्यानं तोंड उघडलं की ओढ.” मग मागे न बघता ते हाक मारत, “शालन, डोकं धर.” आणि फ्रॉक घातलेली शालन, सदानंदची थोरली बहीण, धावत येऊन कुठल्याशा धिप्पाड पठाणाचं डोकं दोन्ही तळव्यांत घट्ट धरून ठेवी. “बस बेटा, झालं,” असं आबा लोण्यासारख्या आवाजात म्हणत. ‘झालं’ म्हणेपर्यंत झालेलं नसे. कट् असा आवाज त्यानंतर येई.

ही शालन पुढे लग्न होऊन गडहिंग्लजला गेली. दोन्ही सरकारं चुकून एकमेकांशी बोलत होती अशा एका वर्षी हे जमून गेलं. नंतर सरकारांनी चूक सुधारली. सदानंदनं व्हिसाचे अर्ज केले, आणि ज्या नियमितपणे लोक दाढी करतात त्या नियमितपणे ते नामंजूर झाले. आबा गेले, आई गेली, शालनचे केस पिकले. हे सगळं त्यांनी फोनच्या पडद्यावर पाहिलं. दर भाऊबीजेला ती गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळी. ज्यांना भाऊ नाही त्या बाया तसं करतात. शालनला भाऊ होता, पण तो पाकिस्तानी पासपोर्टात होता.

एका दुपारी ‘फुरकान ट्रॅव्हल्स’चा फुरकान दोन्ही हातांत जबडा धरून दुकानात आला. व्हिसा नामंजूर झालेल्या एका गिऱ्हाइकानं त्याच्या कानाखाली वाजवली होती. फुरकानच्या धंद्यात हे चालायचंच. ज्याला नकार मिळतो त्याचा हात परदेशी वकिलातीपर्यंत पोचत नाही. फुरकानचं ऑफिस मात्र बसस्टॉपला लागूनच होतं.

सदानंदनं फडकं गुंडाळलेले अंगठे त्याच्या तोंडात घातले आणि मायेनं विचारलं, “फुरकानभाई, धाकटी आता कितवीत गेली?”

फुरकान उत्तर द्यायला गेला. कट्.

“फ्री!” हा त्याचा पहिला शब्द.

“काय फ्री?”

“व्हिसा-फ्री! हेच त्या गधड्याला सांगत होतो, त्यानं ऐकायच्या आधीच मारलं.” फुरकाननं थुंकीतलं रक्त पुसलं. “पहलवान, आपल्या हिरव्या पासपोर्टावर अर्धी दुनिया खुली झाली. ना अर्ज, ना मुलाखत. जायचं, बकरी दाखवायची, आत.”

“बकरी?”

“कानामागं लावतात. कागदोपत्री नाव ‘सौम्यक’. लावली की माणूस बकरी होतो, म्हणून बकरी.” मग त्याचा आवाज खाली आला. “तामारो बेट माहितीये? समुद्रात आहे, मधोमध. हिंदुस्तानी पासपोर्टवाल्यांनाही तिथं उतरल्या उतरल्या शिक्का मिळतो. म्हणजे तू इकडून, बहन तिकडून.”

सदानंदचे अंगठे अजून हवेतच होते. “दिवाळीत मिळेल?” त्यानं विचारलं.

*

सौम्यकाची कल्पना साधी होती, आणि सगळ्या साध्या कल्पनांप्रमाणे ती एका सद्गृहस्थाला सुचली होती.

माणूस हात उगारण्याआधी त्याचं शरीर तयारी करतं. मेंदूत हालचालीचा बेत शिजू लागतो, रक्तात अॅड्रिनलिन उतरतं, नाडी धावते, कातडी ओलावते. यातली एकेक गोष्ट वेगळी घडली तर तिला अर्थ नाही. जिना चढतानाही नाडी धावते. पण चारही एकदम, एका विशिष्ट क्रमानं घडल्या, तर त्या माणसाला कुणालातरी मारायचं आहे, असं बोटाच्या पेराएवढी चकती खात्रीनं सांगू शकते. आणि कानाच्या पाळीमागे एका मज्जातंतूची फांदी अगदी कातडीलगत येते. त्याचं नाव व्हेगस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘भटक्या’, कारण तो मेंदूपासून पोटापर्यंत सगळीकडे हिंडतो आणि त्याला कुठेही व्हिसा लागत नाही. या भटक्याला विजेचा जोरकस टोला दिला की हृदय मंदावतं, रक्तदाब धाडकन उतरतो, गुडघे वितळतात आणि माणूस खाली बसतो. रक्त पाहून जशी भोवळ येते, तशीच ही. फक्त स्वतःच्या रागाची.

शांत असताना चकतीवर हिरवा दिवा. टोला बसला की लाल.

श्रीमंत देशांना परके मजूर आणि पर्यटक हवे होते, परके लोक नको होते. दोन्ही जमवणारं हे यंत्र निघाल्यावर ‘सौम्य प्रवेश करार’ झाला. पासपोर्टांच्या यादीत जे कायम तळाला असत, त्यांच्या नावापुढे एकाएकी देशांची रांग लागली. पाकिस्तानी वर्तमानपत्रांनी हा परराष्ट्र धोरणाचा विजय मानला.

चकती बसवण्याच्या दवाखान्यात शेवटी एक चाचणी असे. पांढऱ्या कोटातला एक तरुण सदानंदसमोर उभा राहिला, “माफ करा चाचा,” म्हणाला, आणि त्यानं फाडकन थोबाडीत मारली. सदानंदला राग आला. क्षणात पोटात खड्डा पडला, डोळ्यांपुढे काजवे आले आणि तो जमिनीवर बसला.

“उत्तम,” तरुणानं टिचकी मारून नोंद केली. “अजून एकदा, खात्रीसाठी.”

खात्रीसाठी बऱ्याचदा झालं. बाहेर बाकावर रांगेत बसलेल्यांचे गाल लाल होते आणि चेहरे आनंदी. कुणी दुबईच्या पलीकडे कधी गेलं नव्हतं.

*

तामारोच्या विमानतळावर दोन रांगा होत्या. सदानंदच्या रांगेत प्रत्येकाला कान पुढे वाकवून दिवा दाखवावा लागे. पलीकडच्या रांगेत एक जाड भुवयांचा, पोट सुटलेला गृहस्थ अधिकाऱ्याशी चढ्या आवाजात बोलत होता आणि त्याच्यामागे एक पिकल्या केसांची बाई टाचा उंचावून इकडे बघत होती.

फोनमध्ये माणसं उंच वाटतात. शालन त्याच्या खांद्याला लागत होती. तिनं त्याचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला, आबांच्या पेशंटचा धरायची तसाच, आणि धरूनच ठेवला.

“सोड की गं त्याला, मान अवघडंल,” जाड भुवयांचा गृहस्थ म्हणाला. हे तिचे यजमान, विलासराव चौगुले, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. “काय मेव्हणं, कान वाकवून घेतला म्हणं तुमचा? आम्हाला बघा, नुसता शिक्का! पासपोर्टची ताकद म्हंजे काय असतंय, ते अशा वेळंला कळतंय बघा.”

“पण दाजी, अर्धा तास तुम्ही भांडत होतात तिथे.”

“भांडायला मिळालं न्हवं? तीच तर ताकद म्हंतो मी.”

हे वाक्य दाजींनी विनोद म्हणून टाकलं होतं. ते खरं आहे, हे टॅक्सीत कळलं.

बाजारपेठेतल्या चौकात सलवार-कमीज घातलेला एक माणूस फुटपाथवर बसला होता. तीन-चार उघडे पर्यटक त्याला लाथा घालत होते. आळीपाळीनं, शिस्तीत, पुढच्याला जागा करून देत. त्या माणसाचं नाक फुटलं होतं. तो उठायचा प्रयत्न करी, कानामागे लाल ठिणगी पेटे, आणि तो पुन्हा बसे. एक बाई आइस्क्रीम खात ते बघत होती.

“अरे, अरे, गाडी थांबव!” दाजी ओरडले. “पोलीस कुठायत?”

“तो काय,” ड्रायव्हर मोडक्या हिंदीत म्हणाला. पोलीस खरोखरच होता, आणि त्यानं रहदारी थोडी पलीकडून वळवली होती. “काही होत नाही साहेब. मारामारीला दोन माणसं लागतात. यंत्रात बघितलं तर एकानं हात उचललेलाच नाही. मग मारामारी कुठे झाली? आधी फक्त चोरच यांना मारायचे. आता लोक लांबून येतात, घरच्या कटकटी असतात, ऑफिसात साहेब असतो. इथे येऊन मन हलकं करतात.” त्यानं आरशातून सदानंदकडे पाहिलं. “चाचा, कान झाका. मफलर आहे का?”

उन्हानं अंग भाजत होतं. सदानंदनं शालनसाठी आणलेली अजरक शाल पिशवीतून काढली आणि डोक्याला गुंडाळली.

“परत जाऊ या का आपण?” शालननं विचारलं.

“परवा भाऊबीज आहे, ताई,” सदानंद म्हणाला. “ओवाळून घेतो आणि जातो. चंद्रानं फार वर्षं माझं खाल्लंय.”

*

भाऊबीजेच्या दिवशी संध्याकाळी त्यांनी भाड्याच्या कॉटेजच्या व्हरांड्यात पाट मांडला. पाट म्हणजे उलटा केलेला चहाचा ट्रे. शालननं गडहिंग्लजहून रांगोळीची पुडी, निरांजन, करंज्या आणि चकल्या आणल्या होत्या. समोर समुद्र, शेजारी दुसरं कॉटेज, मध्ये कमरेएवढं कुंपण. त्या कॉटेजात तिघे तरुण राहत होते, दणकट, गोरेपान, दुपारपासून बीअर पीत. एक जण आल्या दिवशी दाजींना ‘हॅलो’ म्हणाला होता. दाजींच्या मते चांगल्या घरातली पोरं होती.

“शाल काढ ती,” शालन म्हणाली. “टोपी घाल. यांची आणलीय मी.”

“राहू दे ना गं. डोकं झाकल्याशी कारण.”

“आणि अत्तर? फाया कुठे लावू, शालीला? आई कधी अत्तराशिवाय उठू द्यायची का पाटावरून?” तिच्या हातात कापसाचा बोळा होता, हिन्यात भिजवलेला. “एवढी वर्षं वाट बघितलीय सदा. एकदा नीट होऊ दे सगळं.”

सदानंदनं शाल सोडली. दाजींची टोपी त्याच्या भुवयांवर आली. शालननं कुंकू लावलं, अक्षता टेकवल्या, आणि फाया कानाच्या पाळीत खोचला. चकतीला तिचं बोट लागलं. “गार आहे रे,” ती म्हणाली.

“गारच असते.”

तिनं ताट उचललं. निरांजनाचा उजेड त्याच्या तोंडावरून एकदा फिरला. दुसऱ्यांदा फिरला नाही. कुंपणापलीकडून कुणीतरी शीळ घातली होती.

संध्याकाळी हिरवा दिवा लांबून दिसतो.

तिघेही कुंपण ओलांडून आले. जो सगळ्यांत उंच होता, त्यानं केसांची शेंडी बांधली होती. त्यानं दाजींना हसून नमस्कारासारखं काहीतरी केलं, बीअरची बाटली टेबलावर नीट ठेवली, आणि सदानंदच्या छातीत लाथ घातली.

सदानंद पाटावरून भिंतीवर आदळला. बरगडी गेली. कोणती, ते त्याला नेमकं कळलं; धंदाच तो होता. त्याला राग आला, आणि खाली बसायला लावणारा तो पोटातला खड्डा आला. दुसऱ्यानं त्याला कॉलर धरून उठवलं आणि तोंडावर ठोसा दिला. दात जिभेवर आला. पुन्हा राग, पुन्हा खड्डा, पुन्हा लाल दिवा. तिघे दिव्याकडे बघून हसत होते. लाल पेटला की एक जण आनंदानं टाळी देई, जत्रेत नेम लागल्यावर देतात तशी.

“ए! ए भाड्या!” दाजी धावले. दाजींच्या कानामागे काही नव्हतं, त्यांना राग पूर्ण परवडत होता. त्यांनी शेंडीवाल्याच्या पाठीत एक गुद्दा घातलाही. त्यानं वळून त्यांचा हात धरला, टेबलाच्या कडेवर ठेवला आणि त्यावर आपलं सगळं वजन टाकलं. दाजींच्या मनगटाचा आवाज व्हरांडाभर ऐकू आला. ते भिंतीशी जाऊन बसले आणि लहान मुलासारखे आईला हाका मारू लागले.

मग तिसऱ्याचं लक्ष शालनकडे गेलं. तो तिघांत लहान होता, ओठावर नुकती लव. ताट तिनं अजून छातीशी धरलं होतं, निरांजन जळत होतं. त्यानं तिचा अंबाडा मुठीत पकडला आणि तिचं तोंड ज्योतीकडे वाकवलं. गंमत म्हणून. केस तडतडले. जळक्या केसांचा आणि हिन्याचा वास एकत्र आला.

सदानंद उठला आणि पडला. उठला आणि पडला. संतापानं त्याचं डोकं फुटायची वेळ आली होती, आणि जितका संताप मोठा तितकं यंत्र चोख काम करत होतं. गाल फरशीवर टेकलेला, समोर सांडलेली रांगोळी, वरून शालनची किंकाळी. आणि त्या किंकाळीच्या खालून, फार मागून, आबांचा आवाज. *रागानं ओढलेला सांधा बसत नाही.*

त्यानं डोळे मिटले. त्या पोराचा चेहरा आठवला. मान जरा डावीकडे झुकलेली. म्हणजे उजव्या खांद्यात कसर आहे, बिचाऱ्याला झोपताना त्रास होत असणार. कुणी बघितलं नाही वाटतं अजून. सदानंदला त्याची मनापासून दया आली.

नाडी उतरली. कातडी सुकली. दिवा हिरवा झाला, आणि सदानंद उभा राहिला.

आधी शेंडीवाला वळला. सदानंदनं त्याचा पुढे आलेला हात दोन्ही हातांत घेतला, पाहुण्याचा घ्यावा तसा. “क्या नाम है बेटा?” त्यानं विचारलं. “घर में सब खैरियत?” शेंडीवाल्याला शब्द कळले नाहीत, पण आवाज कळला. इतक्या मायेनं त्याच्याशी बहुधा बऱ्याच दिवसांत कुणी बोललं नसावं. काहीतरी उत्तर द्यायला त्यानं तोंड उघडलं.

कट्. खांदा खोबणीतून बाहेर आला आणि दंड पाठीकडे लोंबू लागला. ओरडायला त्याचा जबडा वासला, तोही सदानंदनं जाता जाता उतरवून ठेवला. दुसरा बाटली घेऊन धावून आला. सदानंदनं त्याला येऊ दिलं, बाटलीचा फटका पाठीवर घेतला, आणि वाकून त्याच्या गुडघ्याची वाटी अंगठ्यानं अशी सरकवली की गुडघा उलट्या बाजूला दुमडला. मग बसून त्याची बोटं हातात घेतली आणि एकेक विचारपूस करत, “मां कैसी है? अब्बा क्या करते हैं?” सगळी मोकळी केली. व्हरांड्यात करंज्या तुडवल्यासारखा आवाज येत राहिला.

लहान पोरानं शालनला सोडलं होतं. तो कुंपणाकडे सरकला, त्याला कुंपण सापडेना, आणि तो तिथेच बसला. त्यानं हात जोडले. हे त्याला कुठून सुचलं कोण जाणे. कदाचित थोड्या वेळापूर्वी कुणीतरी केलेलं पाहिलं असेल. तो रडत होता. नाकातून शेंबूड येत होता.

“सदा, पुरे,” शालन म्हणाली. “सदा, तो रडतोय. पुरे.”

सदानंदला ते ऐकू आलं. त्याच्या मनात कसलाही राग नव्हता. आणि गोम इथेच होती. राग असता तर तो एव्हाना संपला असता. रागाला तळ असतो. मारून मारून माणूस दमतो, शरमतो, थांबतो. मायेला तसा काही तळ नसतो. समोर एक पेशंट होता, मान डावीकडे झुकलेला, आणि हातातलं काम अर्धं टाकायची आबांची शिकवण नव्हती.

तो पोरासमोर बसला. त्याच्या हनुवटीखाली बोटं घातली. “डरना नहीं बेटा,” तो लोण्यासारख्या आवाजात म्हणाला. मग मागे न बघता, “ताई, डोकं धर.”

आणि शालननं धरलं.

विचार करून नाही. तो आवाज, ते शब्द, आणि फ्रॉकातल्या पोरीचे दोन तळवे आपोआप पुढे गेले आणि त्या पोराच्या कानशिलांवर घट्ट बसले. ओल्या गालांचा ऊबदार स्पर्श तिला कळला. त्यानं वर तिच्याकडे पाहिलं. बाईमाणूस आहे, वाचवेल, असं त्याला क्षणभर वाटलं असावं.

“बस बेटा,” सदानंद म्हणाला. “झालं.”

*

सौम्य प्रवेश कार्यालयातली ओदेत नावाची अधिकारी बाई पडद्यावर आलेख बघत होती. तिनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितला.

“या बिंदूपासून,” ती म्हणाली, “तुमची नाडी झोपलेल्या बाळासारखी आहे.”

“हो,” सदानंद म्हणाला.

“आणि याच वेळात दोन जण कायमचे अधू झाले, एक मेला.”

“हो.”

बाई मूर्ख नव्हती. पण कायदा स्वच्छ होता. हिरव्या दिव्याचा माणूस हिंसा करू शकत नाही, या एका वाक्यावर करार उभा होता. हे वाक्य एका माणसापुरतं खोटं ठरलं, तर लाखो हिरव्या दिव्यांचं काय करायचं? उद्या हॉटेलांतली भांडी कोण घासणार? तिला दोनतीन फोन येऊन गेले होते, वरून आणि त्याहून वरून. मेलेल्या पोराच्या देशाच्या वकिलातीचाही आला होता. करार त्यांनीच लिहिला होता.

“फरशी ओली होती का?” शेवटी तिनं विचारलं.

“समुद्र जवळच आहे,” सदानंद म्हणाला.

तिनं ‘पाय घसरून’ असं टाइप केलं. तिघांच्याही नावापुढे.

बाहेर बाकावर शालन बसली होती, जळक्या केसांवर अजरक ओढून. दाजींचा हात फुगून भोपळा झाला होता. सदानंद त्यांच्यापुढे बसला. “दाजी, बघू द्या. आत्ता बसवलं तर –”

“नको!” दाजींनी हात पाठीमागे लपवला. त्या हालचालीनं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी लपवलाच. “नको, नको. दुखत न्हाई काई. मी गडहिंग्लजला जाऊन प्लास्टर घालतो.”

शालन आपल्या तळव्यांकडे बघत होती. तिनं ते इतके घासले होते की कातडी सोलली होती. विमान सुटेपर्यंत ती एकदाच बोलली. “आबांनी असं कधी केलं होतं का रे? कुणाला?”

“नाही गं. आबा बसवायचे.”

“आवाज तोच होता,” ती म्हणाली.

*

वर्षभरानं फुरकान मिठाईचा पुडा घेऊन दुकानात आला. जबडा शाबूत होता. आता त्याला कुणी मारत नसे, सगळ्यांनाच आत जायला मिळत होतं. सौम्यक बनवणाऱ्या कंपनीनं सदानंदला ‘आदर्श सौम्य प्रवासी’ ठरवलं होतं. इतक्या बिकट प्रसंगी इतकी शांत नाडी त्यांच्या नोंदींत दुसरी नव्हती. करारातला कुठलाही देश त्याच्यासाठी आता खुला होता, हवे तितके दिवस, न विचारता. शिवाय कंपनीनं त्याचा आलेख नमुना म्हणून सगळ्या दवाखान्यांना पाठवला होता. पांढऱ्या कोटातले तरुण आता थोबाडीत मारण्याआधी शिकवत, ‘चाचा, रागवू नका, समोरच्यावर माया करा.’ लोक शिकत होते. बरेच जण झपाट्यानं शिकत होते. तामारोहून अलीकडे पाय घसरल्याच्या बातम्या वाढल्या होत्या, आणि इतर देशांतूनही येऊ लागल्या होत्या.

“आणि ऐक,” फुरकान पेढा त्याच्या तोंडाशी नेत म्हणाला. “काल हिंदुस्ताननं सही केली. करारावर. कळतंय का पहलवान? गडहिंग्लज! व्हिसा-फ्री! पाकिस्तानी पासपोर्टावर!”

पेढा सदानंदच्या मिशीला लागला. हात पुसून त्यानं तिथेच फोन लावला. खूप वेळ वाजला.

“ताई, ऐकलंस का? भाऊबीज आठवड्यावर आलीय. मी येतो. तुझ्या घरी, पाटावर बसून –”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“येऊ नकोस सदा,” शालन म्हणाली. “मी चंद्राला ओवाळीन. सवय आहे मला.”

“अगं पण आता व्हिसा लागत नाही!”

“म्हणून तर. इतकी वर्षं नाही म्हणायचं काम सरकार करत होतं.” पलीकडे गॅस बंद केल्याचा खटका झाला. “आता मला करावं लागतंय.”